चांदबिबीचं मूळ गाव

मुलीच्या शाळेचं स्नेहसंमेलन जवळ आलं होतं. 'इतिहासातल्या पराक्रमी स्त्रिया' असा कार्यक्रम बसवायचा ठरला. जिजाऊ, अहिल्याबाई, झाशीची राणी ही नावं पहिल्याच दिवशी वाटून संपली. आमची लेक सातवीत, हात वर करायला नेहमी उशीर करणारी. तिच्या वाट्याला आली चांदबिबी. घरी आली ती तोंड फुगवूनच. "आई, सगळ्यांच्या राण्या ओळखीच्या आहेत. माझीच कुणाला माहीत नाही."

आत्या अंगणात लसूण सोलत बसली होती. माझ्या वडिलांची थोरली बहीण, ऐंशीच्या पुढची. मान वर न करता तिने विचारलं, "कुठली गं ती?"

"अहमदनगरची, आत्या. म्हणजे आताचं अहिल्यानगर."

"ते राज्य झालं माय. मूळ गाव कुठलं?"

मैत्रिणींनो, आपल्याकडे बाईची ओळख या प्रश्नाशिवाय पुरी होत नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको. पण राणीला मूळ गाव असतं, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. भाषण तर लिहून द्यायचंच होतं, म्हणून वाचनालयात जाऊन बसले. जुनं गॅझेटियर काढलं, फरिश्त्याच्या इतिहासाचं भाषांतर मिळालं. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी एका पानावर जे नाव दिसलं, ते मी तीनदा वाचलं. पाथरी. आपल्या परभणी जिल्ह्यातली पाथरी! मानवत ओलांडलं की येते ती.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, कारण माझाही गोंधळ झाला होता. आपल्या आजी-आजोबांच्या बोलण्यातला निजाम म्हणजे हैदराबादचा, ज्याचं राज्य १९४८ मध्ये संपलं. ही निजामशाही त्याच्या कितीतरी आधीची, अहमदनगरची. शहाजीराजे ज्या निजामशाहीत होते ती. १४९० मध्ये सुरू झाली आणि १६३६ मध्ये बुडाली. महंमद कासीम फरिश्ता हा इतिहासकार तिथल्या दरबारात नोकरीला होता, पुढे विजापूरला गेला. त्याने लिहिलेली ही हकीकत आहे.

निजामशहांचे पूर्वज पाथरीचे ब्राह्मण, वंशपरंपरेचे कुलकर्णी. काही कारणाने ते गाव सोडून विजयनगरच्या राज्यात गेले. त्या घरात भैरव नावाच्या गृहस्थाला एक मुलगा होता, तिमाप्पा. अहमदशहा बहमनीच्या फौजेने (त्याचा काळ १४२२ ते १४३६) विजयनगरवर स्वारी केली, त्यात हे लेकरू पकडलं गेलं. त्याला गुलाम केलं, मुसलमान केलं, नाव ठेवलं हसन. पोर हुशार निघालं. सुलतानाने त्याला आपल्या थोरल्या मुलाच्या सोबतीला दिलं. तो फारसी शिकला, अरबी शिकला. लोक त्याला बापाच्या नावावरून 'हसन भैरू' म्हणत. लहान राजपुत्राला काही 'भैरू' म्हणता येईना, तो म्हणायचा 'बहिरी'. बहिरी म्हणजे ससाणा, आणि पुढे हा हसन सुलतानाच्या शिकारी ससाण्यांवरचा अधिकारीही झाला. त्यामुळे नाव चिकटलं ते चिकटलंच.

आत्याला हे वाचून दाखवलं, तेव्हा तिच्या हातातला लसूण तसाच राहिला.

आत्याचं लग्नाआधीचं नाव राधा. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने 'सुशीला' लिहिलं गेलं आणि राधा संपली. पासष्ट वर्षं ती सुशीला आहे. रेशनकार्डावर सुशीला, आधारवर सुशीला. राधाक्का म्हणणारा एकच माणूस उरला होता, माझे वडील. ते गेल्यावर तेही बंद झालं. आणि गाव म्हणाल तर आमचं मूळ गाव जिंतूर तालुक्यात पूर्णाकाठी होतं, येलदरी धरणात गेलं. आत्याचं माहेर पाण्याखाली आहे. त्यामुळे नाव आणि गाव या दोन शब्दांवर तिचा कान लगेच उभा राहतो.

"बापाचं नाव टिकलं म्हन की," ती म्हणाली. "आन् माय? पोरगं धरून नेलं तिचं. तिचं नाव काय लिवलंय?"

मी पान मागे-पुढे केलं. लिहिलेलं नव्हतं.

हसनचं पुढे फार मोठं झालं. तो निजाम-उल-मुल्क झाला, बहमनी राज्याचा सगळा कारभार त्याच्या हातात आला, आणि १४८६ मध्ये बिदरला त्याचा खून झाला. त्याचा मुलगा मलिक अहमद. त्याने स्वतंत्र राज्य उभं केलं आणि १४९४ मध्ये स्वतःच्या नावाचं शहर वसवलं, अहमदनगर. त्याचा मुलगा बुऱ्हाण. मला जिच्यासाठी हे सगळं वाचायचं होतं त्या चांदबिबीचा हा आजोबा. पण खरं सांगते, वाचता वाचता मी या आजोबांपाशीच अडकले.

बुऱ्हाण गादीवर बसला तेव्हा सात वर्षांचा होता. सात वर्षांचं पोर राजा म्हटल्यावर काय होणार? सरदारांनी कट केला की याला काढून याच्या धाकट्या भावाला बसवायचं. राजवाड्यात येणं-जाणं असलेल्या एका दाईला त्यांनी फितवलं. तिने त्या धाकट्याला मुलीचे कपडे घातले आणि पालखीत घालून गावात न्यायला निघाली. इकडे पोर दिसेना म्हणून वाड्यात रडारड, हौदात तर पडलं नाही ना म्हणून शोधाशोध. शेवटी पालखी गाठली आणि पोर परत आलं. त्या आईच्या जिवाचं त्या दुपारी काय झालं असेल!

राज्य चालवत होता मुकम्मलखान नावाचा वजीर. राज्य मोठं झालं तसे पाथरीकडचे नातेवाईक अहमदनगरला येऊन राहिले होते. (मंत्री झाल्यावर गावाकडची माणसं येतात, तसंच. यात पाचशे वर्षांत काही बदललेलं नाही.) त्यांचं एकच म्हणणं, आपलं वतनाचं गाव परक्याच्या हातात आहे. पाथरी तेव्हा वऱ्हाडच्या इमादशहाकडे होती. बुऱ्हाणच्या वतीने इमादशहाला पत्र गेलं की आमच्या वाडवडिलांचं हे गाव आम्हाला द्या, बदल्यात यापेक्षा जास्त उत्पन्नाचं गाव घ्या. म्हणजे व्यवहार तोट्याचा होता, तरी हवा होता. इमादशहा नाही म्हणाला, आणि पाथरीची तटबंदी पक्की करायला लागला. १५१८ मध्ये निजामशाही फौजेने अचानक हल्ला करून पाथरी घेतली.

गंमत बघा. भैरव कुलकर्ण्यांचा हा पणतू जन्माने मुसलमान, राहणार अहमदनगरचा. पाथरीत त्याचं घर नाही, देव नाही. तरी गाव हवं.

पुढे इमादशहाने गोवळकोंड्याची मदत आणून पाथरी परत घेतली. १५२७ मध्ये बुऱ्हाण पुन्हा चालून आला. दोन महिने तोफा चालू होत्या. किल्ला पडला आणि बुऱ्हाणने तो जमीनदोस्त करून टाकला. मग परगणा आपल्या ब्राह्मण नातेवाइकांना इनाम दिला. अकबराच्या काळापर्यंत तो पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याकडे राहिला, असं फरिश्ता लिहितो. मला मात्र ते दोन महिने काही केल्या सोडवेनात. तोफांच्या आवाजात दळण दळणाऱ्या, विहिरीवर जाणाऱ्या, बाळंतीण झालेल्या बायका त्या पाथरीत असणारच. आपल्या पूर्वजांचं म्हणून ज्या गावावर इतका जीव, त्याच गावावर दोन महिने गोळे टाकायचे. मायेच्या या तऱ्हेला काय म्हणावं, मला कळत नाही.

आता या घरातल्या बायकांकडे येते, कारण खरी गोष्ट तिथेच आहे.

बुऱ्हाण वयात आला आणि आमिना नावाच्या नाचणाऱ्या मुलीच्या प्रेमात पडला. नुसता पडला नाही, तिच्याशी लग्न केलं आणि तिला जनान्याची मुख्य केलं. तिच्या नादाने तो दारू प्यायला लागला, असंही लिहून ठेवलेलं आहे. नवऱ्याच्या दारूचं खापर बायकोच्या माथी, ही रीत फार जुनी दिसते. मग १५२४ मध्ये त्याचं दुसरं लग्न झालं, सोलापूरला, मोठ्या थाटात. मुलगी विजापूरच्या आदिलशहाची बहीण, बीबी मरियम. हुंडा ठरला सोलापूरचा किल्ला आणि साडेपाच परगणे.

आणि हुंडा दिला गेला नाही! विजापूरकर म्हणाले, असं काही बोलणंच झालं नव्हतं. बैठकीत 'हो' म्हणायचं आणि मांडव उठला की कानावर हात ठेवायचे, हा प्रकार तुमच्या-आमच्या घरात नवा नाही. फरक एवढाच, की इथे दोन्ही व्याह्यांकडे तोफा होत्या. सोलापूरसाठी जी लढाई सुरू झाली ती दोघांच्या नातवंडांपर्यंत पुरली. वर विजापूरहून तक्रार आली की आमच्या घरची मुलगी तुमच्याकडे एका नाचणारणीच्या हाताखाली राहते. मरियमला स्वतःला काय वाटत होतं, ते कुणी लिहिलेलं नाही. एकीला हलकी म्हणून हिणवलं, दुसरीला हुंड्याचं बोट लावून पाठवलं, आणि दोघी एका छताखाली.

आमिनाला दोन मुलगे, हुसेन आणि अब्दुल कादिर. मरियमला शाहअली. बुऱ्हाणचा जीव होता अब्दुल कादिरवर. हा मुलगा तापाने फणफणला तेव्हाची गोष्ट प्रसिद्ध आहे. हकीम झाले, वैद्य झाले, दानधर्म झाला. दरबारात शाह ताहिर नावाचा इराणहून आलेला विद्वान होता, शिया पंथाचा. त्याने बुऱ्हाणला बारा इमामांना नवस बोलायला लावलं. त्या रात्री पोर तापात पांघरूण झुगारून देत होतं. बाप उशाशी बसलेला. थकून त्याचा डोळा लागला, स्वप्न पडलं, जागा होऊन बघतो तर पोराच्या अंगावर पांघरूण, आणि ताप उतरलेला. आई आणि दाई जाग्याच होत्या, त्या म्हणाल्या, आम्ही हातही लावला नाही. बुऱ्हाणने शिया पंथ स्वीकारला, साल १५३७. शहरात दंगा उसळला, हजारो लोक किल्ल्यावर चालून आले, पण तो मागे हटला नाही.

याच सुमाराला तिकडे जर्मनीतही हेच चाललं होतं. ल्यूथरने १५१७ मध्ये बंड केलं आणि एकेक ड्यूक आपला पंथ बदलू लागला. ड्यूक म्हणजे एका मुलखाचा राजाच म्हणा. त्याने बदलला की सगळ्या मुलखाने बदलायचा, असं १५५५ च्या ऑग्सबर्गच्या तहात चक्क लिहूनच टाकलं. तिथल्या आणि इथल्या बायकांना कुणी विचारलं असेल असं वाटत नाही.

१५५३ मध्ये बुऱ्हाण वारला आणि सख्खे भाऊ गादीसाठी एकमेकांवर उठले. हुसेन जिंकला. ज्याच्या तापासाठी बापाने पंथ बदलला, त्या अब्दुल कादिरला पळून वऱ्हाडात आश्रय घ्यावा लागला आणि तो परमुलखातच वारला. शाहअली आजोळी विजापूरला गेला.

हुसेनची राणी खुंजा हुमायून. १५६५ मध्ये हुसेन गेला, मुलगा मुर्तजा लहान, म्हणून राज्य हिने चालवलं, चार वर्षं तरी चालवलं. मग त्याच मुलाने १५६९ मध्ये आईला कैदेत टाकलं. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात हुसेनशहावरच्या काव्याची एक सचित्र पोथी आहे. त्यातल्या चित्रांत राजाशेजारी ही राणी काढलेली होती. नंतर कुणीतरी बहुतेक चित्रांतून तिची आकृती खरवडून, रंग फासून पुसून टाकली. राजा तिथेच आहे, बसलेला. शेजारची जागा खराब झालेली.

चांदबिबी या खुंजाची मुलगी. १५६४ मध्ये तिचं लग्न विजापूरच्या अली आदिलशहाशी झालं, आणि हुंडा काय दिला असेल? सोलापूर! आत्याने मरियमपासून चांदपर्यंतचा हा हिशेब ऐकला आणि म्हणाली, "एकच भांडं हाय का त्यायच्या घरात? हिकडून तिकडं, तिकडून हिकडं."

१५८० मध्ये चांद विधवा झाली. विजापूरला लहान पुतण्याचं राज्य सांभाळलं, मग माहेरी आली. माहेरी काय होतं, तर गादीवर कोण यावरून चार तट आणि डिसेंबर १५९५ मध्ये दाराशी अकबराचा मुलगा मुराद. पुढचं पाठ्यपुस्तकात आहे. मोगलांनी तटाखाली सुरुंग पेरले, तिने काही शोधून निकामी केले, एक उडालाच आणि भिंतीला भगदाड पडलं. ती बुरखा घेऊन, हातात तलवार घेऊन स्वतः तिथे उभी राहिली आणि रातोरात भिंत बांधून घेतली. पुस्तक इथपर्यंत सांगतं. तह झाला, वऱ्हाड गेलं, अहमदनगर वाचलं. पण मोगलांनी वऱ्हाडाबरोबर तहात नसलेला मुलूखही दाबला. फरिश्ता त्यात एक नाव मुद्दाम घेतो, पाथरी. त्यावरून १५९७ मध्ये गोदावरीच्या काठी पुन्हा मोठी लढाई झाली. मोगल जिंकले. आजोबांनी दोनदा जिंकलेलं गाव नातीच्या काळात गेलं. १६०० मध्ये, ती फितूर झाली अशी आवई उठवून, तिच्याच माणसांनी तिला मारलं.

मी घरी येऊन लेकीला सांगितलं, तुझ्या भाषणाचं पहिलं वाक्य असं कर: 'मी चांदबिबी, माझं मूळ गाव पाथरी, जिल्हा परभणी.' ती इतकी हसली! पण तेच वाक्य ठेवलं, आणि संमेलनात सगळ्यात जास्त टाळ्या त्यालाच पडल्या. जिजाऊ झालेल्या मुलीच्या आईने नंतर येऊन मला विचारलं, खरंच का हो?

संमेलन झालं आणि आत्या मागे लागली. "मला त्या गावाला ने." मी म्हटलं, आत्या, तिथे बघायला काही नाही, किल्ला त्यानेच पाडला. "पाडला तर पाडला. पान्याखाली तं नाही ना?"

परभणीहून एसटीने गेलो. मला अर्धं तिकीट, तिला ते नाहीच. पाथरीला उतरून विचारलं, जुना किल्ला कुठे? माणसांनी प्रेमाने साईबाबांच्या मंदिराचा रस्ता दाखवला. पाथरी हे बाबांचं जन्मगाव मानतात, जानेवारी २०२० मध्ये त्यावरून केवढं वादळ झालं ते तुम्हाला आठवत असेल. दर्शन घेतलं. मग जुन्या वस्तीतल्या बोळांतून आत्या काठी टेकत हिंडली. एका दारात एक म्हातारी मुसलमान बाई बाजेवर बसून तूर निवडत होती. आत्या तिच्याशेजारी जाऊन बसली. दोघींनी एकमेकींना गुडघ्यांचं विचारलं, लेकरांचं विचारलं. त्या बाईंनी विचारलं, "कुठल्या म्हणायच्या?" आणि आत्याने त्या पाण्याखालच्या गावाचं नाव सांगितलं, आत्ताच तिथून उठून आल्यासारखं.

बुऱ्हाणचा देह करबल्याला नेऊन पुरला, असं फरिश्ता लिहितो. पाथरीला तो कधी राहिला असेल असं मला वाटत नाही. पण 'बहिरी' हे उपपद त्या घराण्याने शेवटपर्यंत लावलं, आणि शेवटचा काळ मलिक अंबरने ज्याला गादीवर बसवून ओढला, तो मुर्तजा कुणाचा मुलगा? शाहअलीचा. म्हणजे मरियमचा नातू. हे मी एसटीत आत्याला सांगत होते, तर तिचं लक्ष नव्हतं.

"वही हाय का तुझ्याकडं? लिव," ती म्हणाली. मी पर्समधून बिलाचा कागद काढला. तिने सांगायला सुरुवात केली. माझ्या आजीचं नाव, माहेरचं आणि सासरचं. आजीच्या दोन बहिणींची. चुलत आज्यांची. एकीचं पाळण्यातलं नावसुद्धा तिला ठाऊक होतं. मग आली स्वतःच्या आजीवर आणि थांबली. "तिला समदे थोरलीच म्हनायचे. थोरली इकडं ये, थोरली तिकडं जा." खिडकीबाहेर कापसाची रानं मागे पडत होती. तिने डोळे मिटून बराच वेळ आठवून पाहिलं. मी पेन धरून बसले होते. मानवत आलं, तोवर तिला झोप लागली होती.